तीन लाखांच्या स्टॅम्पवर सही करू का?

पत्र

माझं वय ३०. चार महिन्यांपूर्वी माझे मिस्टर (वय ३४) रात्री दुचाकीवरून घरी येत होते. चुकीच्या बाजूने आलेल्या टेम्पोने त्यांना धडक दिली आणि ते जागीच गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांचं टू-व्हीलर दुरुस्तीचं गॅरेज होतं. महिन्याला वीसेक हजार घरात यायचे, पण पगाराची स्लिप वगैरे काही नाही. दोन मुलं आहेत, सात आणि तीन वर्षांची. सासू-सासरे आमच्यासोबतच असतात. टेम्पोमालक गावातल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन आला होता. तीन लाख रोख देतो, ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पवर लिहून द्या, म्हणतो. सासरे म्हणतात, कोर्टात जायचं नाही, मढ्याच्या टाळूवरचं लोणी आपल्याला नको. हे तीन लाख घे आणि मिटव. उद्या मी पैसे घेऊन माहेरी गेले, दुसरं लग्न केलं तर काय, असंही त्यांच्या मनात आहे. एक जण घरी येऊन ‘चाळीस लाख मिळवून देतो, तीस टक्के माझे’ असं सांगून गेला. एलआयसीचे चार लाख मिळालेत, म्हणून आता क्लेम बसणार नाही, असंही कुणीतरी म्हणालं. पुढच्या महिन्यात गॅरेजचा गाळा भाड्याने जाणार आहे. मी काय करू?

उत्तर

ताई, सही करू नका. स्टॅम्पवर नको आणि त्या तीस टक्केवाल्याच्या कोऱ्या वकीलपत्रावरही नको.

आधी मुदतीचं सांगते, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ती थांबत नाही. रस्ते अपघातातल्या मृत्यूचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. मधली बरीच वर्षं या दाव्याला मुदतच नव्हती, त्यामुळे ‘वर्षश्राद्ध झालं की बघू’ म्हणणारे अजूनही भेटतात. १ एप्रिल २०२२ पासून मात्र अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय हे खरं, पण त्याच्या भरवशावर तुम्ही बसू नका. चार महिने गेलेत. या महिन्यात अर्ज दाखल झाला पाहिजे. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तिकडे खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो.

आता सासऱ्यांबद्दल. मुलगा गेलेल्या बापाला पैशाचं नाव नकोसं होणार, हे मी समजू शकते. पण त्यांचं म्हणणं कुठे वळतंय बघा. न्यायाधीशांसमोर हिशेब मांडून मिळालेले पैसे म्हणजे टाळूवरचं लोणी, आणि टेम्पोमालकाने ओसरीवर बसून दिलेली रोकड म्हणजे मिटवामिटवी? तुमच्या मिस्टरांच्या जिवाचं मोल कोर्ट ठरवत नाही, तसा दावाही करत नाही. ते मोजतं एवढंच, की हा माणूस जगला असता तर त्याच्या कमाईतलं किती या घरात आलं असतं. त्यात सात वर्षांच्या मुलाच्या दहावी-बारावीच्या फिया आहेत, सासूबाईंची औषधं आहेत. हा हक्क एकट्या तुमचा नाही. दोन लहान मुलांचाही आहे, आणि त्यांच्या वतीने तो सोडून द्यायचा अधिकार ना गावातल्या मोठ्या माणसांना आहे, ना सासऱ्यांना.

हिशेब कसा होतो ते आकड्यांत बघू, म्हणजे तीन लाख कुठे बसतात ते दिसेल. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वकिलांच्या तोंडी कायम असतात: २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. दुसरा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा आहे. समजा महिना वीस हजार उत्पन्न सिद्ध झालं. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढली असती ती कमाई धरून त्यात ४० टक्के मिळवायचे: झाले अठ्ठावीस हजार. यातला काही भाग त्यांनी स्वतःवर खर्च केला असता. अवलंबून माणसं चार ते सहा असली तर एक चतुर्थांश वजा होतो. तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई असे चार धरले तर राहिले एकवीस हजार, म्हणजे वर्षाचे दोन लाख बावन्न हजार. ३१ ते ३५ या वयोगटाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १६ आहे. गुणाकार येतो ४० लाख ३२ हजार. याशिवाय जवळच्या माणसाचा सहवास गेल्याबद्दल पत्नी, मुलं, आई-वडील यांना प्रत्येकी ठरावीक रक्कम मिळते. २०१७ मध्ये ती ४० हजार होती आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढवायची असं घटनापीठानेच सांगितल्यामुळे आता ४८ हजारांच्या आसपास आहे. अंत्यविधीचा खर्च आणि संपत्तीचं नुकसान यांचे मिळून आणखी छत्तीसेक हजार. वर अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज.

म्हणजे तो एजंट चाळीस लाखांचा आकडा काही जादूने काढत नव्हता. चौथीच्या गणिताला तो तीस टक्के मागतोय.

पण सगळं गणित उभं आहे ते ‘उत्पन्न सिद्ध झालं’ या तीन शब्दांवर. सिद्ध झालं नाही तर न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरतं. तो बारा हजार धरला, तर हाच गुणाकार २४ लाख १९ हजारांवर येतो. कागद नसल्यामुळे सोळा लाख गेले. म्हणून गाळा भाड्याने द्यायच्या आधी एक दिवस काढा, दिराला किंवा भावाला सोबत घ्या आणि गॅरेजची झडती घ्या. कार्बन घालून लिहिलेली बिलबुकं, ऑइलचे डाग पडलेली का असेनात, सगळी घरी आणा. उधारीची वही, स्पेअर पार्टच्या होलसेलरची बिलं, गाळ्याचा भाडेकरार, लाइट बिलं, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, उद्यम नोंदणी असेल तर तीही. भिंतीवरच्या क्यूआर कोडवर जमा झालेले पैसे कुठल्या खात्यात जायचे ते शोधा आणि त्या खात्याचं निदान दोन-तीन वर्षांचं स्टेटमेंट बँकेतून शिक्क्यासह घ्या. दुचाकीचं, फ्रिजचं कर्ज घेतलं होतं का? मग कर्जाच्या फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने उत्पन्न लिहिलेलं असेल. दरमहा फिटणारा हप्ता हाही कमाईचा पुरावाच असतो. त्यांचा फोन विकू नका, रिसेट करू नका आणि सिम बंद पडू देऊ नका. हाताखालचा पोरगा आणि स्पेअर पार्टवाला साक्षीला येतील का, हे आत्ताच विचारून ठेवा. वर्षभराने पोरगा दुसरीकडे लागलेला असेल.

इथे एक मोह होतो. कुणीतरी सीए शोधून मागच्या वर्षांचे रिटर्न आत्ता भरून टाका, किंवा सरपंचांकडून ‘महिना पन्नास हजार कमावत होते’ असा दाखला आणा, असं सुचवलं जातं. करू नका. मृत्यूनंतरच्या तारखेचा रिटर्न विमा कंपनीच्या वकिलाला पहिल्या नजरेत दिसतो, आणि एकदा एक कागद बनावट वाटला की खऱ्या बिलबुकांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

टेम्पोमालकाकडे वळू. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी भरते. मग हा माणूस खिशातून तीन लाख द्यायला का आला? पश्चात्ताप झाला असेल, नाही असं नाही. पण माझ्या मनात पहिली शंका येते ती विमा संपला होता का, किंवा ड्रायव्हरकडे त्या गाडीचा परवाना होता का, याची. एमपरिवहन अ‍ॅपवर टेम्पोचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत होता ते दिसतं. अपघाताच्या दिवशी तो चालू होता का, एवढं बघा. परवान्याची भानगड निघाली तर घाबरू नका. अशा वेळी कोर्ट बहुतेकदा विमा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमाच नसेल तर मात्र रक्कम मालकावर येते. ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, पण त्याला वेळ लागतो आणि त्याच्या नावावर काही असावं लागतं. तशी परिस्थिती निघाली तर तडजोडीचा विचार करू, पण न्यायाधिकरणासमोर, वकील बसवून आणि धनादेशाने. फौजदारी गुन्हा तर तुमच्या स्टॅम्पने मिटतच नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, हा आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही. त्या कागदाचा उपयोग एकच: उद्या तुमच्या उलटतपासणीत तो पुढे केला जाईल.

पोलीस ठाण्यात जाऊन तपास अधिकाऱ्यांना एक नेमका प्रश्न विचारा: ‘साहेब, डीएआर कोर्टात पाठवला का?’ अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल, म्हणजे हा डीएआर, ९० दिवसांत पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो अहवालच दावा म्हणून धरायची तरतूद कायद्यात आहे. प्रत्यक्षात तो वेळेवर जातोच असं नाही, म्हणून आपला अर्ज वेगळा टाकायचाच. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, दोषारोपपत्र, टेम्पोची आरसी, पॉलिसी आणि परवाना यांच्या नकला मागा. घटनास्थळाचा पंचनामा हातात आला की घरी शांतपणे वाचा. टेम्पो चुकीच्या बाजूला होता हे तुम्ही मला लिहिलंय, पण पंचनाम्यात चाकाच्या खुणा, काचा, दुचाकी रस्त्याच्या कुठल्या कडेला पडली होती, हे लिहिलंय का? हेल्मेटच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. विमा कंपनी ‘हेल्मेट नव्हतं, म्हणून चूक मयताचीही’ असं म्हणणार, हे धरून चला. डोक्याच्या दुखापतीने मृत्यू झाला असेल तर काही प्रकरणांत थोडी कपात झालेलीही आहे. पण हेल्मेट नसल्यामुळे टेम्पो चुकीच्या बाजूला आला नाही. दावा त्याने बुडत नाही. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला तरीही बुडत नाही, कारण तिथे पुरावा संशयापलीकडे लागतो आणि इथे कुठली बाजू अधिक संभवनीय, एवढंच बघतात.

एलआयसीचं ऐकून मला जरा रागच आला, कारण हा प्रश्न सुटून पंचवीसहून अधिक वर्षं झाली. हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आयुर्विम्याची रक्कम मयताने हप्ते भरून मिळवलेली असते, ती भरपाईतून कापायची नाही. ते चार लाख वेगळे, हे वेगळे. उलट अजून एक कागद शोधा. तुमच्या मिस्टरांच्या दुचाकीच्या पॉलिसीत ‘ओनर-ड्रायव्हर पीए कव्हर’, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा, असं लिहिलंय का? गाडी त्यांच्या नावावर असेल, परवाना चालू असेल आणि हे कव्हर घेतलेलं असेल, तर मृत्यूसाठी १५ लाखांचा वेगळा क्लेम त्यांच्याच विमा कंपनीकडे करता येतो. बऱ्याच घरांत ही पॉलिसी डिकीतच पडून राहते.

तुम्हाला ‘पाच लाख बिनबोभाट मिळतात’ असंही कुणी सांगेल. ते कलम १६४. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख. चुकीचा पुरावाच नसलेल्यांना ते बरं आहे, पण ते स्वीकारलं की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. तुमच्याकडे फिर्याद आहे, चुकीच्या बाजूने आलेली गाडी आहे. तुम्ही तिकडे जाऊ नका.

वकिलाचं असं आहे. दाव्याच्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मना आहे, मग मधला एजंट तर दूरच. तरी हे सर्रास चालतं, आणि त्यात पासबुक, एटीएम कार्ड, सह्या केलेले चेक ‘सांभाळायला’ घेतले जातात. यातलं काही देऊ नका. तुमच्या एकटीच्या नावाने खातं उघडा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. फोनवर १५१०० लावलात तरी माहिती मिळते. खासगी वकील केलात तर फी किती आणि कुठल्या टप्प्यावर, हे लिहून घ्या. दावा दाखल झाला की नंबर मागा आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तारीख स्वतः बघत जा.

सासऱ्यांना भीती आहे ती पैसे तुमच्यासोबत जातील याची, आणि ती बोलूनच घालवावी लागेल. दाव्यात तुम्ही, मुलं, सासू, सासरे सगळे अर्जदार असाल. कुणाचा किती वाटा हे न्यायाधिकरण निकालात लिहितं, त्यामुळे सासूबाईंचे पैसे सासूबाईंच्याच खात्यात जातील. मुलांचा वाटा साधारणपणे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून अडकवला जातो. तो तुम्हालाही मोडता येणार नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. तरीही ते सही करायला तयार नसतील तर त्यांना सामनेवाला, म्हणजे समोरच्या बाजूचा पक्षकार, म्हणून सामील करून दावा चालतो; त्यांच्यावाचून अडत नाही. आणि पुढे कधी तुम्ही दुसरं लग्न केलंत, तर केवळ त्यामुळे विधवेचा भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे सासऱ्यांना आज ऐकवायची काही गरज नाही. तुम्हाला माहीत असू द्या.

लोकअदालतीत प्रकरण ठेवायचं का, हे तुम्हाला पुढे विचारलं जाईल. मी लोकअदालतीच्या विरोधात नाही. निकालाला लागणारी वर्षं वाचतात आणि पैसे लवकर हातात येतात. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून जायच्या आधी वरचं गणित कागदावर मांडून ‘याच्या खाली नाही’ असा आकडा ठरवून ठेवा. दुपारी चारला ‘ताई, आजच चेक देतो’ म्हणत कुणी त्याच्या निम्म्याने बोलायला लागलं, तर उठून यायची तयारी ठेवा.

दावा चाललाच तर तुमची साक्ष प्रतिज्ञापत्रावर होईल. सही करण्याआधी ते मराठीत समजावून घ्या आणि त्यातला उत्पन्नाचा आकडा तुमच्या बिलबुकांशी जुळतोय का ते बघा. मग विमा कंपनीचे वकील विचारतील: तुम्ही अपघात पाहिला का? नाही पाहिला, तर नाही म्हणा. गॅरेजचा हिशेब तुम्ही ठेवत होता का? ठेवत नव्हता, तर तसं सांगा, आणि महिन्याला घरखर्चाला हातात किती यायचे ते सांगा, कारण ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. ‘वाढवून सांगताय’ असं ते तीनदा म्हणतील. तिन्ही वेळा ‘हे खरं नाही’ एवढंच उत्तर द्या आणि पाणी मागायला संकोच करू नका.